डेटन शहराचा कारभार नेमका कोण पाहतं?

अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं डेटन हे मध्यम आकाराचं शहर. २०२० च्या जनगणनेत वस्ती १,३७,६४४, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणाएवढी. राइट बंधूंचं गाव म्हणून ते अनेकांना ठाऊक असतं. बोस्नियातलं युद्ध १९९५ साली ज्या कराराने थांबलं, तो ‘डेटन करार’ही शहरालगतच्या हवाई तळावर ठरला. अमेरिकेतल्या शेकडो शहरांनी मात्र डेटनकडे पाहून उचलली ती कारभाराची पद्धत: धोरण निवडून आलेल्यांनी ठरवायचं आणि रोजचा कारभार पगारी, जाणकार माणसाने चालवायचा.

ही पद्धत आपल्याला चटकन समजेल, कारण तिच्या जवळपास जाणारं काहीतरी आपण रोज पाहतो. महापालिकेत काम अडलेल्या माणसाला लवकरच कळतं की मान महापौरांचा असतो आणि सही आयुक्तांची. मुंबईसाठी १८८८ साली झालेल्या कायद्याने कार्यकारी अधिकार आयुक्ताला दिले आणि आयुक्त नेमण्याचा अधिकार सरकारकडे ठेवला. राज्यातल्या इतर महापालिकाही थोड्याफार फरकाने याच वळणाने चालतात. २०२२ मध्ये मुदत संपल्यावर मुंबई-पुण्यासह अनेक महापालिका पुढची काही वर्षं नगरसेवकांविना, प्रशासकांच्या हाती चालल्या. आयुक्त वरून येतो, म्हणूनच हे होऊ शकलं.

डेटनमध्ये असं होऊच शकत नाही. तिथे ‘सिटी कमिशन’ नावाचं पाच जणांचं मंडळ असतं: एक महापौर आणि चार सदस्य, मुदत चार वर्षांची. वॉर्ड नाहीत. पाचही जणांना अख्खं शहर मत देतं आणि मतपत्रिकेवर पक्षाचं नाव छापलेलं नसतं. हे पाच जण मिळून एक सिटी मॅनेजर नेमतात. अर्थसंकल्प तयार करणं, खातेप्रमुख नेमणं, रस्ते, पाणी, पोलीस, आग विझवणं, सगळं त्याच्याकडे. महापौराला बैठकीत पाचांपैकी एक मत, ठराव रोखण्याचा वेगळा अधिकार नाही. एखाद्या सदस्याने पाणीखात्याच्या इंजिनिअरला थेट फोन करून ‘आमच्या गल्लीतलं आधी करा’ असं सांगणं शहराच्या सनदेत, म्हणजे कारभाराच्या मूळ नियमांत, बसत नाही. जे सांगायचं ते मॅनेजरमार्फत. आणि मॅनेजर पसंत नसेल तर त्याला घरी पाठवायला राज्याची परवानगी लागत नाही, मंडळातलं बहुमत पुरतं.

तज्ज्ञाच्या हाती कारभार दोन्हीकडे आहे. पण तज्ज्ञाची दोरी कोणाच्या हातात, यावर सगळं ठरतं, आणि डेटनने ती आपल्याच हातात ठेवली.

ही पद्धत तिथे आली ती एका पुरामुळे.

शहर वसलं १७९६ साली, ग्रेट मायामी नदीच्या काठी. जागा व्यापाराला उत्तम आणि राहायला धोक्याची, कारण स्टिलवॉटर, मॅड आणि वुल्फ क्रीक या तिन्ही धारा शहराच्या हद्दीतच ग्रेट मायामीला येऊन मिळतात. १८२९ साली सिनसिनाटीहून कालवा इथवर पोचला, मग रेल्वे आली, कारखाने उभे राहिले. जॉन पॅटरसनने १८८४ साली गल्ल्यावरची बेरीज करणारी यंत्रं बनवायला घेतली. त्याची नॅशनल कॅश रजिस्टर कंपनी, सगळे तिला ‘एनसीआर’ म्हणत, शहरातली सर्वांत मोठी झाली. सायकलीच्या दुकानातून विमान घडलं. चार्ल्स केटरिंगने गाडी सुरू करण्याचा विजेचा स्टार्टर इथेच बनवला. हाताने काही करून पाहणाऱ्या लोकांचं हे गाव होतं.

नगरपालिका मात्र जुन्या चालीची. वॉर्डावॉर्डात पक्षाचे पुढारी, त्यांच्या शब्दावर नोकऱ्या, त्यांच्याच माणसांना कंत्राटं. शहर कारखान्यासारखं हिशेबाने चालवावं, राजकारणाने नव्हे, असं पॅटरसन १८९६ पासून जाहीरपणे मांडत होता. त्या वेळी कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

मार्च १९१३ मध्ये ईस्टरच्या रविवारपासून ओहायोवर पाऊस कोसळू लागला. जमीन आधीच भिजलेली होती, पाणी मुरायला जागाच नव्हती. २५ मार्चच्या सकाळी नदीकाठचे मातीचे बांध फुटले. शहराच्या मध्यभागी काही ठिकाणी पाणी २० फुटांपर्यंत चढलं. माणसं आधी वरच्या मजल्यावर, मग माळ्यावर, मग छपरावर गेली. गॅसच्या नळ्या फुटून आगी लागल्या. चहूकडे पाणी असूनही त्या विझवता येत नव्हत्या. संपूर्ण खोऱ्यात ३६० हून अधिक माणसं गेली.

ऑर्व्हिल राइटच्या घरामागच्या शेडमध्ये उड्डाणांच्या फोटोंच्या काचेच्या प्लेटा ठेवलेल्या होत्या. त्या पाण्यात बुडाल्या. १७ डिसेंबर १९०३ च्या पहिल्या उड्डाणाचा तो प्रसिद्ध फोटो याच प्लेटांमधला. त्याच्या एका कोपऱ्यावर दिसणारी झीज या पुराची आहे.

पालिका हतबल होती आणि शहर तगवलं एनसीआरने. कारखाना उंचावर होता. पॅटरसनने सुतारखात्याला सपाट तळाच्या होड्या बनवायला लावलं आणि जवळजवळ तीनशे होड्या पाण्यात उतरल्या. कारखान्यातच जेवण शिजलं, खाटा लागल्या, दवाखाना सुरू झाला. याच पॅटरसनला जेमतेम महिन्याभरापूर्वी, प्रतिस्पर्ध्यांना गैरमार्गाने संपवल्याबद्दल संघराज्याच्या कोर्टाने एक वर्षाची कैद ठोठावली होती. ती शिक्षा पुढे अपिलात रद्द झाली. पुरानंतर तो शहराचा नायक ठरला. शहरांचा इतिहास असा सरळ खलनायक-नायकात बसत नाही, आणि पॅटरसनबद्दल वाचताना दोन्ही बाजू एकत्र धरूनच वाचावं लागतं.

लोकांनी जुनी व्यवस्था बुडताना डोळ्यांनी पाहिली होती. ऑगस्ट १९१३ मध्ये मतदारांनी नवी सनद मंजूर केली आणि १ जानेवारी १९१४ पासून सिटी मॅनेजरचा कारभार सुरू झाला. व्हर्जिनियातल्या स्टॉन्टन आणि साउथ कॅरोलायनातल्या समटर या छोट्या गावांनी हा प्रयोग आधी केला होता, पण लाखभर वस्तीचं मोठं शहर हे पहिलंच. मॅनेजरपदासाठी आधी विचारणा झाली ती पनामा कालवा बांधणाऱ्या जॉर्ज गोथल्स यांना. त्यांनी नकार दिला आणि सिनसिनाटीचे शहर अभियंता हेन्री वेट आले. वेट यांनी सगळ्या खात्यांची खरेदी एका जागी आणली, खर्चाचा हिशेब लावला, दुधाची तपासणी सुरू केली, घरोघरी जाणाऱ्या नर्स नेमल्या. आज अमेरिकेतल्या मध्यम शहरांत ही पद्धत सर्वसाधारण झाली आहे. फीनिक्स, डॅलस, सॅन अँटोनियो यांसारखी दहा लाखांवरची शहरंही तिनेच चालतात.

पुराचं दुसरं अपत्य मला त्याहून मोठं वाटतं. ते जमिनीवर उभं आहे, आणि शंभर वर्षांनंतरही जसंच्या तसं काम करतं.

मे १९१३ मध्ये, चिखल पुरता निघालाही नव्हता तेव्हा, पूर-निवारणासाठी वर्गणी काढली गेली. ‘माळ्यावर दिलेली वचनं आठवा’ हे आवाहन गावभर झालं आणि थोड्याच दिवसांत २० लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. त्या पैशांतून आर्थर मॉर्गन या अभियंत्याला बोलावलं. मॉर्गन यांचं म्हणणं असं की एकट्या डेटनचे बांध उंच करून भागणार नाही. डेटन वाचेल आणि पाणी खालच्या गावांवर जाईल. विचार करायचा तर संपूर्ण खोऱ्याचा.

पण खोरं अनेक जिल्ह्यांत पसरलेलं आणि नदीला जिल्ह्याची हद्द कळत नाही. म्हणून १९१४ साली ओहायोने नवा कायदा केला. त्याने नदीच्या खोऱ्यापुरती एक स्वतंत्र सार्वजनिक संस्था काढायची मुभा दिली, जिला जमीन घेता येईल, कर्ज काढता येईल आणि आकारणी करता येईल. गव्हर्नर होते जेम्स कॉक्स, डेटनच्याच वर्तमानपत्राचे मालक. १९१५ मध्ये ‘मायामी कन्झर्व्हन्सी डिस्ट्रिक्ट’ स्थापन झाली. वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांचा कडाडून विरोध होता, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं: शहर वाचवायला आमच्या शेतात पाणी का साठवायचं? कोर्टात खटले चालले. अखेर संस्थेने ज्या जमिनींवर पाणी साठणार त्या विकत घेतल्या, किंवा पाणी साठू देण्याचा हक्क पैसे मोजून घेतला. ऑसबर्न नावाचं एक गावच साठ्याच्या जागेत येत होतं. तिथली शेकडो घरं चाकांवर चढवून दोनेक मैल पलीकडे नेली. ते गाव पुढे शेजारच्या फेअरफिल्डमध्ये मिसळलं आणि दोघांचं मिळून फेअरबॉर्न झालं.

पाच धरणं बांधली: जर्मनटाउन, एंगलवूड, लॉकिंग्टन, टेलर्सव्हिल आणि हफमन. ही धरणं पाहायला गेलात तर मागे जलाशय दिसणार नाही. ती कोरडी असतात. पायथ्याशी काँक्रीटची मोकळी भोकं आहेत, त्यांना दारं नाहीत, चाप नाहीत, बटण दाबणारा माणूस नाही. एरवी नदी त्या भोकांतून निवांत वाहत जाते. पूर आला की नरसाळ्यासारखं होतं: वरून कितीही ओता, खालून धार नळीच्या मापानेच पडते. जास्तीचं पाणी धरणामागच्या शेतांत आणि कुरणांत पसरून थांबतं आणि दोन-चार दिवसांत ओसरतं. धरण पाण्यासाठी, विजेसाठी आणि पुरासाठी अशा तिन्ही कामांना जुंपलं की पावसाळ्यात ते भरून ठेवायचं की रिकामं, हा वाद अटळ असतो. २०१९ साली सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेल्यावर हा वाद आपण महिनोन्‌महिने ऐकला. डेटनच्या धरणांना एकच काम दिलं आहे, त्यामुळे तिथे निर्णयच घ्यावा लागत नाही.

आराखडा १९१३ च्या पुराहून ४० टक्के जास्त पाण्यासाठी केला. खर्च आला ३ कोटी डॉलरच्या घरात आणि वॉशिंग्टनकडून एक डॉलरही घेतला नाही. १९१३ साली कोणाच्या घरात किती पाणी होतं आणि धरणांमुळे त्याचा किती फायदा होईल, हे ठरवून मालमत्तेवर आकारणी बसवली. ज्याचं जास्त वाचणार, त्याने जास्त द्यायचं. १९२२ साली काम पुरं झालं. तेव्हापासून दोन हजारांहून जास्त वेळा या धरणांनी पाणी अडवलं आहे. मॉर्गन पुढे रुझवेल्टच्या काळात टेनेसी खोरे प्राधिकरणाचे पहिले अध्यक्ष झाले; आपल्या दामोदर खोरे महामंडळाचा नमुना तेच प्राधिकरण. राइट बंधूंनी ज्या हफमन प्रेअरीवर विमान वळवायला आणि उतरवायला शिकलं, ते गवताळ मैदानही हफमन धरणामागच्या पूरक्षेत्रात आलं, म्हणून तिथे इमारती झाल्या नाहीत आणि ते आजही मोकळं आहे.

इथवर वाचून डेटन आदर्श वाटेल. पण सुरुवातीपासूनच एक प्रश्न होता, आणि तो नव्या सनदेने सोडवला नाही, उलट वाढवला. वॉर्ड काढून टाकल्यावर भ्रष्ट पुढारी गेले खरे, पण गल्लीचा माणूसही गेला. त्या काळी डेटनच्या कामगारवस्त्यांत समाजवादी पक्षाचा जोर होता आणि वॉर्डपद्धतीत त्यांचे लोक निवडून येत होते. अख्ख्या शहराची एकच निवडणूक झाल्यावर त्यांची मतं वाढत गेली आणि जागा मिळेना. जाणकारांचा कारभार हवा, यात चूक नाही. पण जाणकार काम कसं करायचं ते सांगतो. आधी कोणासाठी करायचं, हे ठरवणाऱ्या टेबलाभोवती सगळे बसलेले नसतील तर उत्तम व्यवस्थापनही एकाच बाजूला झुकतं.

कृष्णवर्णीय नागरिकांना याचा फटका सर्वांत जास्त बसला. कवी पॉल लॉरेन्स डनबार इथेच १८७२ साली जन्मला. तो ऑर्व्हिल राइटचा शाळासोबती, आणि कृष्णवर्णीयांसाठी त्याने काढलेलं ‘डेटन टॅटलर’ हे वर्तमानपत्र राइट बंधूंच्या छापखान्यात छापलं गेलं. पण वर्गातली मैत्री घरांच्या बाजारात चालत नव्हती. दक्षिणेकडून कामासाठी आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना नदीच्या पश्चिमेलाच घर मिळे. बँका तिथे कर्ज देत नसत. पुढे महामार्गांनी त्या वस्त्या कापल्या. १ सप्टेंबर १९६६ रोजी वेस्ट डेटनमध्ये एका कृष्णवर्णीय माणसाला चालत्या गाडीतून गोळी घातली गेली आणि दंगल पेटली. नॅशनल गार्ड हे राज्याचं राखीव सैन्यदल बोलवावं लागलं. १९७० साली जेम्स मॅगी पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. सत्तरच्या दशकात शहराने भागवार ‘प्रायॉरिटी बोर्ड’ काढले, म्हणजे वॉर्ड परत न आणता गल्लीचा आवाज परत आणायचा प्रयत्न. अनेक दशकं ते चालले.

तोवर शहर आटायला लागलं होतं. १९६० साली २,६२,३३२ लोक राहत होते, आज निम्मे आहेत. कारखाने गेले, हे कारण सगळे सांगतात आणि ते खरंच आहे. एनसीआरने २००९ साली मुख्यालय जॉर्जिया राज्यात हलवलं. त्याच्या आदल्या डिसेंबरात शेजारच्या मोरेनमधला जनरल मोटर्सचा कारखाना बंद झाला. पण दुसरं कारण शहराच्या हद्दीत आहे. ओकवूड, केटरिंग, सेंटरव्हिल, बीव्हरक्रीक ही आपल्याला डेटनची उपनगरं वाटतील, पण प्रत्येक गाव स्वतंत्र पालिका आहे आणि प्रत्येकाच्या शाळांचा कारभार वेगळा. ज्यांना परवडलं ते हद्दीपलीकडे राहायला गेले, आणि त्यांच्या घरांवरचा करही तिकडे गेला. राइट-पॅटरसन हवाई तळ हा ओहायोतला एका जागी सर्वाधिक लोकांना नोकरी देणारा मालक. तोही डेटनच्या हद्दीबाहेर.

शहराच्या उत्पन्नाचा मोठा भाग प्राप्तिकरातून येतो. ओहायोत शहरं कमाईवर कर लावू शकतात, आणि तो जिथे काम करता तिथे कापला जातो. केटरिंगमध्ये राहून डेटनमध्ये नोकरी करणारा माणूस डेटनला कर देतो, पण डेटनमध्ये मत देऊ शकत नाही. २०१६ साली मतदारांनी हा कर सव्वादोन टक्क्यांवरून अडीच टक्के केला. वाढीव पैशातला काही भाग चार वर्षांच्या मुलांच्या बालवाडीसाठी होता. शाळा चालवणं हे सिटी कमिशनचं काम नाही, त्याला वेगळं निवडून आलेलं मंडळ आहे. तरी शहराने ही जबाबदारी अंगावर घेतली.

शहराकडे मोठी संपत्ती आहे ती जमिनीखाली. नदीच्या जुन्या पात्राच्या वाळू-गोट्यांत प्रचंड भूजल आहे आणि डेटन ते स्वतःच्या विहिरींतून काढून आसपासच्या गावांनाही पुरवतं. मे १९८७ मध्ये या विहिरींच्या क्षेत्रातलं रंगाचं एक मोठं गोदाम पेटलं. अग्निशमन दल पोचलं, पाण्याची तयारी होती. पण बंबाचं पाणी मारलं असतं तर रंग आणि रसायनं त्याच्याबरोबर थेट जमिनीत, म्हणजे शहराच्या पिण्याच्या पाण्यात उतरली असती. म्हणून गोदाम जळू द्यायचं ठरलं. पुढच्याच वर्षी विहिरींभोवतीच्या जमिनीवर काय साठवता येईल याचे नियम झाले. मॅनेजर पद्धतीचा फायदा कशात आहे असं कोणी विचारलं तर मी ही आग सांगेन. आग विझवणारा, पाणी पाहणारा आणि जमिनीच्या वापराचे नियम करणारा एकाच छताखाली असल्याने अशा निर्णयाची किंमत मोजणं शक्य होतं.

गेल्या पंधरा वर्षांत मात्र नवं काही सुचलंय ते लोकांकडून. २०११ साली शहराने ‘वेलकम डेटन’ हा स्थलांतरितांच्या स्वागताचा आराखडा स्वीकारला. पूर्वीच्या सोव्हिएत प्रदेशातून आलेल्या अहिस्का तुर्क कुटुंबांनी ओल्ड नॉर्थ डेटनमधली मोडकळीला आलेली घरं घेतली, स्वतः डागडुजी केली आणि ओस पडलेल्या गल्ल्या पुन्हा नांदत्या झाल्या. सेलम अव्हेन्यूच्या परिसरात ताजी भाजी मिळणारं दुकान उरलं नव्हतं. मोठ्या साखळ्यांना तिथे नफा दिसेना, तेव्हा रहिवाशांनी भागभांडवल गोळा करून २०२१ मध्ये ‘जेम सिटी मार्केट’ हे सहकारी दुकान काढलं.

त्याआधी येऊन गेला तो २०१९ चा उन्हाळा. २७ मेच्या रात्री या भागात एकामागून एक टोर्नेडो, म्हणजे भोवऱ्यासारखी फिरणारी वादळं, उतरली, ओल्ड नॉर्थ डेटनचं छप्पर उडालं, वीज गेली, पंप थांबले आणि शहराने पाणी उकळून प्या असं सांगितलं. शहराच्या हातातलं काम होतं, ते झालं. ४ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर शहरातल्याच ओरेगन डिस्ट्रिक्ट या भागात बंदूकधाऱ्याने नऊ जणांचे जीव घेतले. पोलिसांनी त्याला अर्ध्या मिनिटाच्या आसपास गाठून ठार केलं. इथेही शहराच्या हातात होतं ते झालं. त्या संध्याकाळच्या शोकसभेत गव्हर्नर माइक डिवाइन बोलायला उभे राहिले तेव्हा गर्दीतून ‘काहीतरी करा’ असा घोष उठला.

तो घोष गव्हर्नरांसाठी होता, आणि योग्य ठिकाणी होता. ओहायोत शहरांना बंदुकांबद्दल स्वतःचे नियम करता येत नाहीत. राज्याने २००६ साली कायदा करून तो अधिकार आपल्याकडे घेतला आणि २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. डेटनच्या पाचही सदस्यांनी एकमताने ठराव केला असता तरी त्याला कायद्याचं बळ नसतं. जून २०२२ पासून ओहायोत २१ वर्षांवरच्या बहुतेकांना लपवलेली बंदूक बाळगायला परवानाही लागत नाही. हा कायदा डेटनलाही लागू आहे, ओरेगन डिस्ट्रिक्टलाही.